पडलेल्या माणसाला निळा रंग

साताऱ्याकडे माझ्या आत्याचं गाव आहे. तिथल्या भैरवनाथाच्या देवळाचा जीर्णोद्धार झाला, त्याला आता चार वर्षं होतील. कलशारोहणाला या म्हणून आतोबांचा तीनदा फोन आला, तेव्हा गेले. पत्र्याचा मंडप जाऊन स्लॅब आला होता, खाली पाय घसरेल अशी चकचकीत फरशी, दाराशी देणगीदारांची काळ्या ग्रॅनाइटची पाटी. देवळाच्या डाव्या अंगाला चाफा आहे. त्याच्या बुडाशी पूर्वी पाच वीरगळी, म्हणजे लढताना पडलेल्यांच्या कोरीव स्मृतिशिळा, कलंडलेल्या असत. लहानपणी आम्ही त्यांच्यावर बसून चिंचा खाल्ल्या आहेत. त्या आता सिमेंटच्या ओट्यावर ओळीने उभ्या केल्या होत्या. आणि रंगवल्या होत्या.

पेंटर तिथेच होता, शेवटचा हात फिरवत. तालुक्याच्या गावात दुकानांच्या पाट्या आणि टेम्पोमागची ‘आई-वडिलांचा आशीर्वाद’ रंगवणारा माणूस. काम त्याने मनापासून केलं होतं, हे आधी सांगायला हवं. मधल्या शिळेवर सगळ्यात खालच्या पट्टीत एक माणूस आडवा पडलेला आहे. तो निळा झाला होता, कपाळाला उभं गंध. आडवा आहे आणि देवळात आहे, म्हणजे शेषशायी विष्णू, असा सरळ हिशोब. त्याच्या उशाशी चार गाई आहेत, त्या पांढऱ्याशुभ्र, शिंगं लाल. ढाल-तलवार घेऊन त्याच्यावर चालून आलेले दोघे काळे कुळकुळीत, डोळ्यांत पांढरे ठिपके. राक्षस. वरच्या पट्टीत त्याला दोन्ही बाजूंनी धरून नेणाऱ्या दोघी हिरव्या आणि जांभळ्या साडीत, नाकात नथ.

मी म्हटलं, “दादा, हा विष्णू नाही. इथलाच, गावातलाच कुणीतरी आहे. मेलाय तो.”

ब्रश डब्याच्या कडेला निपटत तो म्हणाला, “मेलेला माणूस देवळात कशाला ठेवतील, ताई?”

प्रश्न बिनतोड होता. मला तिथे धड उत्तर देता आलं नाही. इतक्या उशिरा सुचलेलं उत्तर इथे लिहिते आहे.

वीरगळ खालून वर वाचायची असते. हा शब्द कन्नडातून आलेला, ‘कल्लु’ म्हणजे दगड, वीराचा दगड. सगळ्यात खाली मरण. गुरं पळवायला आलेल्यांशी झुंज, किंवा गावावर आलेल्या धाडीशी, किंवा घोड्यावरची, क्वचित बोटीतली लढाई. त्याच्या वरच्या पट्टीत अप्सरा त्याला उचलून नेतात. त्याच्या वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला असतो, समोर बहुधा पुजारी. माथ्यावर कलश आणि दोन बाजूंना चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याची आठवण राहो. कधी तीन पट्ट्या, कधी चार. माणूस एकच, पण तोच तीनदा दिसतो, आणि दर वेळी थोडा बदललेला. खाली त्याच्या हातात तलवार आहे, कासोटा घट्ट मारलेला, केसांचा बुचडा एका बाजूला बांधलेला. वर जाताना हात रिकामे. लिंगापुढे मांडी घालून बसतो तेव्हा अंगावर शस्त्राची खूणही नसते. कोरणाऱ्याने चेहऱ्यावर फारसं काही काढलेलं नाही, तेवढी जागाच नव्हती. सगळं सांगितलं आहे ते हातांनी.

आता शेषशायी विष्णूचं बघा. तो आषाढीला झोपतो आणि कार्तिकीला उठतो. वीरगळीवरचा माणूस उठत नाही. त्या पट्टीचा सगळा अर्थ तो उठत नाही यात आहे. तो मेला म्हणून अप्सरा आल्या, तो मेला म्हणून त्याला लिंगाशेजारी जागा मिळाली. त्याला निळा रंग दिला की तो झोपलेला देव होतो, आणि झोपलेल्या देवाला स्वर्गात नेण्यात कसलं आलंय कौतुक? माझी तक्रार रंगाच्या भडकपणाबद्दल नाही. आपण त्याला देव केला आणि त्याने कमावलेली एकमेव गोष्ट, त्याचं मरण, काढून घेतली, हे माझं म्हणणं आहे. त्या ओट्यावरच्या दोन शिळांची तर खालची पट्टी बुडासकट सिमेंटात गेली आहे. तिथे आता दोन माणसं न मरताच स्वर्गात चालली आहेत.

आपल्याकडे हे जास्त गंभीर आहे, त्याला कारण आहे. कर्नाटकातल्या वीरगळींवर पुष्कळदा लेख असतो: अमुक राजाच्या काळात, अमुक गावच्या गाई सोडवताना, अमक्याचा मुलगा तमका पडला. महाराष्ट्रातल्या बहुसंख्य वीरगळी मुक्या आहेत. नाव नाही, शक नाही, गावाचा उल्लेख नाही. जे काही आहे ते आकृतीत. त्याने धनुष्य धरलंय की तलवार, तो पायी आहे की घोड्यावर, शेजारी गुरं आहेत का, त्याच्याबरोबर आणखी कुणी पडलं आहे का. हा त्याचा सातबारा आहे. ऑइलपेंटचे दोन हात आणि खाली प्रायमर बसला की छिन्नीच्या बारीक रेघा आधी भरून जातात: बोटं, बाणाचं टोक, कमरेची कट्यार. मग पेंटर स्वतःच्या समजुतीने नव्या रेघा काढतो. फेरफार म्हणतात तो हाच.

आजची आपली तऱ्हा नेमकी उलटी आहे. देवळात आपण नाव कोरतो, माणूस कोरत नाही. पंख्याच्या पात्यावर ‘कै. अमुकतमुक यांच्या स्मरणार्थ’, बाकावर, पाण्याच्या टाकीवर, पायरीवरसुद्धा. सोबत रक्कम. बाराव्या शतकातल्या त्या गावाने नाव लिहिलं नाही, कारण नाव सगळ्यांना ठाऊकच होतं. पण तो कसा उभा राहिला आणि कसा पडला ते पाथरवटाला पैसे देऊन दगडात काढून घेतलं.

बोरिवलीच्या एकसरला जाऊन या. मेट्रोने जाता येतं, हे मुद्दाम सांगते, कारण वीरगळ म्हटली की लोकांना वाटतं कुठल्यातरी घाटाखाली उतरावं लागणार. १८८२च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरात इथल्या सहा शिळांचं पट्टीवार वर्णन आहे. मोठ्या शिळा दहा-दहा फूट उंचीच्या. त्यांच्यावर जहाजं आहेत. एका बाजूला ओळीने वल्ही, वर माणसांची दाटी, पाण्यात पडणारी माणसं. यादव राजा महादेव आणि उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार सोमेश्वर यांच्यातली, साधारण १२६५ची ही लढाई असावी, असं बऱ्याच अभ्यासकांनी मानलं आहे. काहींनी ती दोनेकशे वर्षं मागे, माळव्याच्या भोजाच्या कोकण-स्वारीपर्यंत नेली. महादेवाचा मंत्री हेमाद्री याच्या प्रशस्तीत सोमेश्वर समुद्रात बुडाल्याचं येतं. महादेवाच्या कोपापेक्षा त्याला समुद्राच्या पोटातला अग्नी, वडवानल, बरा वाटला, असा कवीने त्यावर टोमणाही मारला आहे. राजाला असा श्लोक मिळाला. वल्ही मारणाऱ्यांना श्लोक मिळाला नाही, त्यांना हा दगड मिळाला, आणि मला विचाराल तर सौदा त्यांच्या बाजूने बरा झाला. श्लोकात सोमेश्वराचा हात कसा होता ते कळत नाही. दगडावर वल्ह्यावर वाकलेली पाठ दिसते.

मध्ययुगातल्या कारागिराला देव आणि माणूस यांतला फरक कळत नव्हता, म्हणून तोही सगळ्यांना एकसारखंच कोरायचा, असं कुणी म्हणेल तर ते चूक आहे. फरक त्याला मोजून ठाऊक होता. शिल्पग्रंथांत तालमान असतं. एक ताल म्हणजे केसांच्या कडेपासून हनुवटीपर्यंतचा चेहरा. मोठ्या देवांची मूर्ती नऊ किंवा दहा तालांची, माणूस आठ तालांचा, भूतगण चार-पाच तालांचे. म्हणजे माणूस देवापेक्षा एक-दोन तोंडांनी बुटका, हे छिन्नी उचलण्याआधीच ठरलेलं. गावच्या वीरगळींचे पाथरवट हे ग्रंथ उघडून बसत असतील असं मला वाटत नाही. त्यांच्या आकृत्या ठेंगण्या, डोकी मोठी, पाय आखूड. पण त्यांचंही एक माप होतंच. वीर मोठा, शत्रू लहान. आणि सगळ्यात वरच्या पट्टीत वीर आणि लिंग जवळजवळ सारख्या उंचीचे.

त्या वरच्या पट्टीपाशी मी दर वेळी थांबते. गाई राखताना मेलेला माणूस बहुधा गुराखी असणार, धनगर असणार, वेशीवरचा राखणदार असणार. हयातीत त्याने गाभाऱ्याच्या आत पाऊल टाकलं असेल की नाही, देव जाणे. दगडावर तो शिखराखाली, लिंगाला खेटून बसला आहे. हे त्याला मिळालं ते माणूस म्हणून. पेंटरच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे: मेलेला माणूस देवळात ठेवला, कारण गावाला वाटलं की तो आता तिथे बसायला लायक झाला. त्याला आधीपासूनच देव मानलं, तर गावाचा तो निर्णयच पुसला जातो.

इथे कुणी मला अडवेल, आणि अडवायला हवंच. म्हणेल, बाई, आपले अर्धे देव असेच झाले. वेशीवरचा मेलेला माणूस, मग त्याला शेंदूर, मग नैवेद्य, मग जत्रा. गुंथर सोंथायमर हे जर्मन अभ्यासक पुण्यात राहून, धनगरांच्या वाड्यांवर हिंडून हेच सांगत होते की महाराष्ट्रातले वीर, सती, म्हसोबा, बिरोबा यांच्यामधल्या भिंती फार पातळ आहेत. रा. चिं. ढेरे यांनी पंढरीच्या विठ्ठलाचं मूळ गवळी-धनगरांच्या देवात शोधलं. आणि विठ्ठलाची मूर्ती मुळात वीरगळच असावी, असंही एक मत संशोधनात मांडलं गेलं आहे. ते मत खरं निघालं तर? आठ-नऊशे वर्षांपूर्वी कुणीतरी माझ्यासारखीने “अहो, हा माणूस आहे, याला हळद लावू नका” म्हणून अडवलं असतं, तर आज वारी कुठे असती?

याला माझ्याजवळ पुरेपूर उत्तर नाही. अर्धं आहे ते देते. त्या लोकांनी ज्याला देव केला तो कोण होता, हे त्यांना ठाऊक होतं. देव करणं हा त्याला लक्षात ठेवायचा मार्ग होता. धनगरांच्या ओव्यांत देवाचं कूळ, त्याची मेंढरं, त्याची भांडणं सगळं शाबूत असतं. देव होऊनही त्याचं माणूसपण गळत नाही. आपण चाललो आहोत ती वाट वेगळी. आपल्याला तो कोण हे माहीत नाही आणि विचारायचंही नाही, म्हणून हाताशी असलेल्या कॅलेंडरातला एक देव त्याच्यावर चढवायचा. भैरवनाथाच्या गावात, भैरवनाथाच्या अंगणात, गाईंसाठी मेलेल्या माणसाला शेषशायी विष्णू व्हावं लागलं. गावचा देवही नाही झाला बिचारा.

दुसरा आक्षेप कलेच्या जाणकारांकडून येतो आणि तो मला जास्त टोचतो. उघडा काळा दगड म्हणजेच अस्सल, हा तुमचा शहरी चोखंदळपणा. ही शिल्पं मुळात कुठे उघडी होती? बरोबर आहे. वेरूळच्या कैलासावर गिलावा होता, त्यावर रंग होता, त्याचे तुकडे आजही छताला चिकटलेले दिसतात. युरोपातल्या मध्ययुगीन चर्चांच्या दारावरचे संतही रंगवलेले होते. नितळ दगडाची आवड पुष्कळ नंतरची. तेव्हा ‘रंग म्हणजे अडाणीपणा’ हे मी म्हणणार नाही. पेंटरला मी विचारलं होतं, का रंगवता हो? तर म्हणाला, “दगड उघडाबोडका बरा दिसतो का? घरच्या देवालाही वस्त्र घालतोच की आपण.” यात प्रेम आहे. शिवाय त्याला कुणी सांगितलं असतं की हा माणूस आहे आणि मेलेला आहे, तर त्याने तो माणसाच्या रंगाने रंगवला असता. त्याला सांगणारं कुणी नव्हतं. मंडळात इंजिनिअर होता, ग्रॅनाइटवाला होता, मांडववाला होता. दगड वाचणारा कुणी नव्हता.

शेंदराचं मात्र वेगळं. शेंदूर आणि तेल यांचे थर वर्षानुवर्षं चढतात, जाड खोळ होते, आणि एक दिवस ती आपल्या वजनाने सुटते. मग गावात बातमी होते की मारुतीने खोळ टाकली. आत मूळ मूर्ती बहुधा नाकी-डोळी नीट असते. वणीच्या सप्तशृंगीचं २०२२मध्ये तेच झालं: साठलेल्या शेंदराचं कवच तज्ज्ञांच्या देखरेखीखाली काढलं आणि खालचं रूप लोकांनी पहिल्यांदा पाहिलं. शेंदराने आपली शिल्पं झाकली, हे खरं, पण टाकीचे घाव पुसले नाहीत. ऑइलपेंट दगडाच्या रंध्रात जातो. काढायचा तर सँडपेपर नाहीतर ॲसिड, आणि त्यात रंगाबरोबर बोटंही जातात. आमचे काही दुर्गवेडे तरुण रविवारी जाऊन वीरगळी सरळ उभ्या करतात, भोवतालचं गवत काढतात. त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. पण हातात तारेचा ब्रश घेऊन दगड ‘चकाचक’ करणारेही त्यांच्यात पाहिले आहेत. नऊशे वर्षं पावसाने जे केलं नाही ते तारेचा ब्रश एका सकाळीत करतो.

देवाच्या मूर्तीला काही करायचं म्हटलं की केवढा खल होतो, हेही आठवावं. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूर्तीवर २०१५मध्ये रासायनिक संवर्धन झालं, त्याआधी आणि त्यानंतर वर्षानुवर्षं वाद चालले. पंढरपुरात २०२४ साली नंतर चढवलेले रंग आणि फरशा काढून मंदिराचा मूळ दगड मोकळा करायचं काम झालं, तेव्हा रोजच्या बातम्या. हे योग्यच आहे. पण त्याच राज्यात गावोगावच्या माणसांच्या आकृत्यांवर एका दुपारीत तीन डबे रंग ओतला जातो आणि त्याची नोंद कुठेच होत नाही. १९७२च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनं शिल्प म्हणजे पुरावस्तू. कायद्यात वीरगळ बसते, पण पारावरच्या पुरावस्तूकडे बघायला येणार कोण?

पुरुषाबद्दल इतकं लिहिलं, आता बाईकडे येते. सतीशिळा पाहिली आहे? दगडी खांबातून कोपरात काटकोनात वाकलेला एक हात बाहेर आलेला असतो. मनगटापासून चुडा भरलेला, पंजा उघडा, कधी हातात लिंबू. वर चंद्र-सूर्य. पुरुषाला चार पट्ट्यांत तीनदा अख्खं शरीर मिळालं, तिला हात. आणि तोही तिचा म्हणून नाही, चुड्याचा म्हणून. आमच्या ओट्यावर एक आहे. पेंटरने बांगड्या हिरव्या केल्या आणि तळहातावर लाल मेंदी काढली, नवरीसारखी. मी तिथे काही बोलले नाही. त्या रंगकामात दगडाच्या मूळ हेतूविरुद्ध काहीच नव्हतं, आणि म्हणूनच ते बघवत नव्हतं.

गधेगळ त्याहून अवघड. दानपत्राचा दगड, वर चंद्र-सूर्य, मध्ये मजकूर, खाली गाढव आणि बाई. दान मोडणाऱ्याच्या आईला दिलेली शिवी, चित्रात. परळला सापडलेला शिलाहार अपरादित्याचा शके ११०८चा, म्हणजे ११८७ सालचा लेख प्रसिद्ध आहे: दानाचा मजकूर संस्कृतात, आणि शाप मात्र लोकांना कळावा म्हणून स्वच्छ मराठीत. आपल्या भाषेच्या सुरुवातीच्या वाक्यांतलं एक वाक्य आईवरची शिवी आहे, हे मराठी दिनाच्या भाषणात कुणी सांगत नाही. एका गावात मी असा गधेगळ हळदकुंकवाने माखलेला पाहिला. बायका त्याला देवी म्हणून ओटी भरत होत्या. शेजारच्या आजींना मी विचारलं, ही कोण देवी? “गाढवावरची शीतळा असंल,” त्या म्हणाल्या. मला आधी हसू आलं, मग काही दिवस ते डोक्यातून गेलं नाही. ज्या बाईच्या अपमानावर राजाने आपलं दान सुरक्षित ठेवलं, तिला कित्येक पिढ्यांतल्या बायकांनी नकळत कुंकू लावलं. इथे मात्र मी माझ्याच म्हणण्याविरुद्ध जाते. त्या आजींना मी खरं सांगितलं नाही, आणि आजही सांगणार नाही. लेखाचं वाचन संग्रहालयाच्या पाटीवर असू दे.

देवळांच्या भिंतींवर कोरलेल्या सुंदर स्त्रियांबद्दल, सुरसुंदऱ्यांबद्दल, थोडक्यात. अंबरनाथचं १०६०चं शिवालय, निलंग्याचं नीलकंठेश्वर, मार्कंडा. बाहेरच्या भिंतीवर कुणी आरसा घेऊन उभी, कुणी पायातला काटा काढते, कुणाच्या कडेवर मूल, कुणाचं वस्त्र माकड ओढतंय. यांच्याकडे बघून एक तर लोक लाजतात नाहीतर फोनचा कॅमेरा काढतात. मूर्तिशास्त्राचे अभ्यासक गो. बं. देगलूरकर यांनी आयुष्यभर हे सांगितलं की या नुसत्या शोभेच्या बाहुल्या नव्हेत. त्यांना साधनेचा अर्थ आहे, माकड म्हणजे चंचल मन. हा अर्थ मला पटतो, पण तो फार लवकर सांगितला की एक गोष्ट हातची जाते. काटा काढणारी कोरणाऱ्याने एका पायावर तोल सांभाळणारी बाई कुठेतरी पाहिली होती. तिचा उभा पाय किंचित वाकलाय, अंगठा जमिनीत रुतलाय. आधी ती बाई बघावी, मन मागाहून.

मग या वीरगळींचं करायचं काय? उचलून संग्रहालयात नेऊन ठेवा, हा सोपा सल्ला. गोव्याच्या संग्रहालयांत कदंबकाळातल्या वीरगळी, नौका कोरलेल्यासुद्धा, नीट उजेडात उभ्या आहेत. तिथे त्या वाचता येतात, हे मान्य. ज्यांच्या डोक्यावर रस्ता रुंदीकरण आलंय त्यांना दुसरा पर्यायही नसतो. पण वाईजवळ किकलीला भैरवनाथाच्या देवळापाशी वीरगळींची जी दाटी आहे, तिच्यात उभं राहिलं की एक गोष्ट कळते जी काचेमागे कळत नाही. इथे एक माणूस मेला नाही, एकामागून एक मेले, आणि दर वेळी गावाने दगड आणला. त्या दगडांना त्यांचं गाव लागतं. उद्या संग्रहालयात नेले तर ते कलावस्तू होतील, सुरेख होतील, आणि आतोबांसारख्या माणसाला त्यांच्याशी काही देणंघेणं उरणार नाही.

माझी मागणी लहान आहे. देवळाच्या कामाला सरकारी पैसा येतो, मग तो आमदार निधी असो की ‘क’ वर्ग तीर्थक्षेत्राचा. तो पैसा सुटण्याआधी आवारातल्या प्रत्येक कोरीव दगडाचा चारही बाजूंनी फोटो आणि ग्रामपंचायतीच्या वहीत एक ओळ असावी: कुठे होता, किती उंच, किती पट्ट्या. जागा बदलायची तर बदला, पण बुडं सिमेंटात घालू नका. हळद, कुंकू, फुलं, नारळ, सगळं चालू द्या, शेंदूरसुद्धा. ऑइलपेंट नको. आणि शेजारी एक पाटी, तिच्यावर देवाचं नाव नको, इतकंच की ‘हा या गावातला माणूस आहे. खालून वर पाहा.’ हे करायला पुरातत्त्व खात्याचा माणूस लागत नाही; शाळेतले गुरुजी आणि सातवीची चार पोरं पुरतात. पाटी लावली तर लोक पूजा सोडतील, ही भीती मला मुळीच वाटत नाही. आपल्याकडे पाटी वाचून कुणी काही सोडल्याचं ऐकिवात नाही.

गेल्या दिवाळीत पुन्हा गेले होते. तीन पावसाळ्यांत ओट्याच्या रंगाचे पोपडे निघायला लागले आहेत. निळ्या माणसाच्या छातीवरचा तळहाताएवढा तुकडा सुटून पडला आहे आणि खालचा काळा दगड दिसतो. तिथे एक तिरपी, खोल रेघ आहे, टोकाशी जराशी फाकलेली. बाण असेल, भाला असेल. आतोबा चपला काढून जवळ गेले, चष्मा कपाळावर सारला, आणि नखाने त्या रेघेतला निळा रंग थोडा खरवडला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, “एवढ्या लहान जागी लागलं, तरी गेला काय गं हा?”